सोमजाई उजव्या सीटवर

"म्हयपत, देवीनं इमान मागितलंय!" आई फोनवर ओरडली.

रत्नागिरीच्या पोस्टातून लावलेला ट्रंककॉल होता. आईचा समज असा की मुंबई लांब आहे, तेव्हा आवाज तेवढा मोठा हवा. इकडे सांताक्रूझच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॅप्टन महिपत शितप एका हातानं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून उभा होता. दुसऱ्या हातातल्या चहात कोंबडीच्या पिल्लाचं पिवळं पीस पडलं होतं, ते बोटानं काढायचा त्याचा प्रयत्न चालला होता.

"कुणी मागितलंय?"

"सोमजाईनं! तीन दिवस कौल लावतायत देवळात. एस्टीनं येतेस काय गो, तर डावा कौल, म्हंजे नाय. ट्रकानं येतेस काय, तर डावा. टॅक्सी म्हटली, डावा! शेवटी धोंडू मानकरी वैतागून बोलला, मग काय इमानानं येतेस? तर लगेच उजवी पाकळी टपकन खाली! सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलंय, माझा म्हयपत आणील."

"आई, अगं..."

"आज पुनव आहे. तिन्हीसांजेपर्यंत रुपं सहाणेवर आली पायजेत. नायतर होम पेटायचा नाय. गावाचा शिमगा मोडला तर लोक माझ्या नावानं बोंब मारतील. ती पण शिमग्याची नाय, खरीखुरी." आणि तीन मिनिटं संपली.

महिपतला सगळं समजलं. सडेवाडीच्या सोमजाईचे चांदीचे मुखवटे, म्हणजे रुपं, डागडुजीसाठी गिरगावातल्या चांदीकाराकडे आली होती. ती न्यायला भागोजी गुरव आठ दिवस परळला गावकऱ्यांच्या खोलीत येऊन बसला होता. सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, रुपं पालखीत बसल्याशिवाय सडेवाडीची होळी पेटत नाही, हे महिपतला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. न समजण्यासारखी एकच गोष्ट होती. देवीला त्याच्या विमानात काय दिसलं?

कारण ते विमान देवीनं काय, बोकडानंही मागितलं नसतं. मालवाहू डाकोटा. वयानं महिपतपेक्षा मोठी. पावसाळ्यात कॉकपिट गळायचं, तेव्हा कोपायलट डिमेलो छत्री धरायचा. थंडीत दोघं माकडटोप्या घालून बसायचे. संडास म्हणून एक डालड्याचा डबा होता. अकरा वर्षांत महिपतनं यंत्रं, बर्फ, सुके बोंबील, मेंढ्या आणि एकदा सर्कशीचं अस्वल नेलं होतं. अस्वलानं बेळगावपर्यंत त्याच्या मानेवर श्वास सोडला, आणि एवढ्या वर्षांत जवळ येऊन आपुलकीनं बसलेलं ते एकटंच गिऱ्हाईक. गावात मात्र आईनं सांगून ठेवलं होतं की म्हयपत मोठमोठ्या साहेबांना नेतो आणि उतरताना सगळे त्याला हात जोडतात. म्हयपतनंही ते कधी खोडलं नव्हतं.

योग असा की त्या दुपारी त्याची फेरी रत्नागिरीचीच होती. पाचशे कोंबडीची पिल्लं आणि पोफळीच्या वीजघरासाठी एक लोखंडी धूड. तीनला उडायचं, चारला उतरायचं. "होऊन जाईल," महिपत पीस फेकून म्हणाला.

भागोजी गुरव दोन वाजता आला. काटकुळा माणूस, हातापायाच्या काड्या, पोट मात्र गच्च वर आलेलं. मुंबईचा वडा लागला असणार, असं महिपतला वाटलं. डोक्यावर लाल फडक्यात बांधलेली लाकडी पेटी होती.

मालाच्या विमानात माणूस नेता येत नाही. पण जनावरं असली तर त्यांच्याबरोबर राखणीला एक माणूस चालतो. म्हणून कागदावर सोमजाईच्या गुरवाची नेमणूक पिल्लांचा राखणदार म्हणून झाली. भागोजीला हे कुणी सांगितलं नाही.

"पेटी काट्यावर ठेवा," डिमेलो म्हणाला. हा वसईचा, पन्नाशीचा, अंगानं पिंपासारखा. उकडलेली अंडी डब्यातून आणायचा आणि पिल्लांकडे पाठ करून खायचा. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

"देवीचं वजन करता?" भागोजीचे डोळे लाल झाले.

"अरे बाबा, कुणाचं पण करतो. माझं पण केलंय."

दीड तास वाद झाला. शेवटी ठरलं की भागोजीनं पेटी घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग पेटीशिवाय उभं राहायचं. देवीचं वजन झालं नाही, गुरवाचंच दोनदा झालं. पेटीसकट सहासष्ट किलो आणि नुसता भागोजी चौसष्ट.

"दोन किलो?" डिमेलो काट्याला लाथ मारत म्हणाला. "बारा किलो चांदी आहे बोलला होता ना?"

"देवी राजी असली की हलकी होते," भागोजी शांतपणे बोलला. "आणि नाराज झाली की बारा माणसांना पालखी उचलत नाय. जपून रहा."

लहानपणी महिपतनं पालखी जड झालेली पाहिली होती. बारा गडी घामाघूम होऊन उभे, आणि पालखी तसूभर हलत नव्हती. वैमानिकाला एक वेळ वादळ चालतं, पण मनाला येईल तसं वजन बदलणारा माल चालत नाही.

मग नवीनच निघालं. डाकोटा जमिनीवर शेपूट टेकून, नाक वर करून बसते. भागोजी आत शिरला, त्यानं मागचा माल पाहिला, उतारावरून वर कॉकपिटकडे पाहिलं आणि खाली मांडीच घातली.

"तू वर बसणार? नि देवी खाली? पिल्लांच्या रांगेत?"

"भागोजीकाका, विमान चालवायला मला वरच बसायला लागतं."

"मग देवी पण तिथंच."

आणखी दीड तास गेला. पाच वाजत आले. सूर्य कुणासाठी थांबत नव्हता आणि आई सहाणेवर उभी असणार होती. महिपतनं डिमेलोकडे पाहिलं.

"नाय हां," डिमेलो मागे सरकला. "माझ्या सीटवर देवी बसणार? लायसन आहे काय तिच्याकडे?"

"तासाभराचा प्रश्न आहे रे."

"मी तास काढीन रे, पण ती कोपायलटचं काम करणार काय?"

शेवटी डिमेलो पुटपुटत मागे पिल्लांत जाऊन बसला. उजव्या सीटवर लाल फडक्यातली पेटी बसली. पट्टा लावू दिला नाही, कारण देवीला बांधत नाहीत. दोन्ही सीटच्या मागे, खाली गोणपाटावर, भागोजी.

साडेपाचला विमान सुटलं. शेपूट उचललं, वेग आला, महिपतनं स्टिअरिंगचा दांडा छातीकडे ओढला. दांडा अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यानं जोर लावला. ढिम्म. पुढे धावपट्टी संपत आली, कुंपणाची भिंत दिसायला लागली, भिंतीपलीकडे वाळत घातलेली लुगडीसुद्धा दिसायला लागली.

"उचलत नाय!" तो ओरडला.

"जड झाली!" भागोजी मागून किंचाळला. "मानानं बसवलंस नाय तिला! गाऱ्हाणं घाला! बा सोमजाये, पोरगा येडा आहे, चुकला असंल, माकला असंल, पदरात घे! म्हना, व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून सगळ्यात मोठा आवाज डिमेलोचा आला. लुगडी त्यालाही दिसली होती.

भागोजीनं पेटी उचलून कपाळाला लावली. त्याच क्षणी दांडा सैल झाला, लोण्यातून सुरी यावी तसा सरळ छातीपर्यंत आला. विमान भिंतीवरून गेलं. एक लुगडं चाकाला अडकून बरंच अंतर बरोबर आलं. भागोजीनं पेटी पुन्हा सीटवर ठेवली.

अलिबाग मागे पडल्यावर भागोजीला कंठ फुटला. "म्हयपत. ता बघ."

उजव्या सीटसमोरचा दांडा आपोआप हलत होता. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मागे सरकून पेटीला हलकेच टेकत होता.

"काका, दोन्ही दांडे आतून जोडलेले असतात. मी माझा हलवला की तो हलतो."

"नि ती तिचा हलवते तवा तुझा हलत असंल."

खरं तर यंत्राच्या दृष्टीनं त्यात काहीच चूक नव्हती. महिपतनं नजर पुढच्या काचेवर रोवली. पण डोळ्याच्या कोपऱ्यात तो दांडा हलायचा आणि दर वेळी त्याला वाटायचं, हे आत्ता आपण केलं का?

समोरच्या वाऱ्यानं वेळ खाल्ला होता; दाभोळची खाडी लागली तेव्हा सूर्य पाण्यात बुडाला होता. खाली सगळा धूर होता. कोकणात फाल्गुनात शेतं भाजतात, त्याचा धूर, त्यात समुद्राची वाफ, आणि वर पुनवेचा तांबडा चंद्र, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा. रेडिओत नुसती खरखर होती.

आणि त्याच वेळी पिल्लं गप्प झाली.

पाचशे पिल्लं दुपारपासून एकसारखी चिवचिवत होती. तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबला तेव्हाच ऐकू आला. एकदम, कुणी तोंडावर बोट ठेवावं तशी.

"डिमेलो, ताडपत्री टाकलीस काय त्यांच्यावर?"

"टाकायला उठलो," मागून खालच्या आवाजात उत्तर आलं. "हातातच आहे अजून."

महिपतनं माकडटोपी घातली. मार्च महिना होता.

रत्नागिरीवर आले तेव्हा खाली काळोख, आणि काळोखात आगी. दहा, वीस, पन्नास. प्रत्येक वाडीची होळी पेटली होती. कातळाच्या सड्यावरच्या धावपट्टीवर दिव्यांची सोय नव्हती. ती दिवसा उतरायची जागा होती आणि दिवस संपला होता. एक घिरटी झाली. दुसरी झाली. मुंबईला परत जायचं तर आत्ता वळायला हवं होतं, नाहीतर पेट्रोल पुरलं नसतं. परत गेलं की जीव वाचणार, विमान वाचणार, आणि आई उद्यापासून गावात मान खाली घालून पाणी भरणार.

"काका, एवढ्या होळ्यांतली आपली कुठली ती कळत नाय."

"आपली कशी कळंल?" भागोजी म्हणाला. "आपली पेटलीच नाय. देवी आल्याबिगर पेटतेय काय!"

महिपत दचकला. त्यानं पुन्हा खाली पाहिलं. चहूकडे आगी होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक काळं भोक. दात पडलेल्या जागेसारखं. एकही ठिणगी नाही. सगळी माणसं काळोखात उभी राहून वर बघत असणार. ते सडेवाडीचं. आणि सडेवाडीच्या कुंपणाला लागून धावपट्टी.

त्यानं विमान त्या भोकात घातलं.

चाकं खाली. वेग कमी. काळोख वर येत होता. धुरातून कातळाचा करडा पट्टा दिसला न दिसला, महिपतनं दांडा पुढे ढकलला, आता टेकणार, आता... आणि दांडा त्याच्या हातातून मागे आला. हिसका नव्हता. जाणत्या माणसानं मुलाचा हात धरून बाजूला करावा, तसा आला, पार छातीला लागेपर्यंत. विमानानं नाक वर केलं. त्यानं घाबरून इंजिनांना ताकद दिली आणि खाली, पोटाखालून, अगदी हातभरावरून, पालखी गेली.

पालखी, अब्दागिरी, ढोल, ताशे आणि दोनशे माणसं. देवीला सामोरं जायचं म्हणून अख्खा गाव धावपट्टीच्या मधोमध उभा होता. काळोखात. काडीसुद्धा न पेटवता.

"काका, तुम्ही ओढलंत?" महिपतनं मागे वळून विचारलं.

"मी हात जोडून डोळे मिटलेले," भागोजी म्हणाला. "डिमेलो?"

"मी पिल्लांत आहे," लांबून आवाज आला.

तिसऱ्या घिरटीला गावाला अक्कल आली. माणसं दोन्ही कडांना पळाली आणि गवताच्या चुडी पेटल्या. महिपत त्या दोन रांगांमधून उतरला.

दार उघडताच गाव आत घुसला. लाल पेटी डोक्यावरून बाहेर गेली. महिपतला कुणी हात जोडले नाहीत. उलट धोंडू मानकऱ्यानं त्याला बाजूला सारत म्हटलं, "तुझं काय ते पिल्लाबिल्लांचं सामान नंतर काढ रे."

भागोजीनं तिथंच, विमानाच्या पायरीवर उभं राहून, जाहीर केलं. "गावकऱ्यांनो! इमान देवीनं चालवलान. मी डोळ्यांनी बघितलंय. दांडा तिच्या म्होरं हलत होता."

"नि म्हयपत?"

"म्हयपत बाजूला बसलेला."

अकरा वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली. पोरंटोरं विमानात वाकून बघून आली आणि डालड्याचा डबा कशाला, असं विचारायला लागली. आई दमयंती गर्दीतून आली, तिनं महिपतच्या खांद्यावरचं पीस झटकलं आणि हळूच विचारलं, "रे, साहेबलोक कुठं बसतात?"

"आज आले नाहीत," महिपत म्हणाला. आईनं मान हलवली आणि पुन्हा कधीच विचारलं नाही.

सहाणेवर पालखी ठेवली. लाल पेटीला हळदकुंकू लागलं. मग भागोजीनं सगळ्यांना तोंडं फिरवायला लावली, सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या आणि पोटाला गुंडाळलेलं लुगडं उलगडायला सुरुवात केली. महिपतनं तोंड फिरवलं नव्हतं. लुगड्यातून एकामागून एक चांदीची रुपं निघाली. भागोजीचं पोट सपाट झालं.

"काका! मग पेटीत काय?"

"नारळ नि पेंढा. मुंबई चोरांची! लोकांना पेटी दाखवायची नि देवी अंगावर ठेवायची. माझ्या आज्याची रीत आहे."

"मग डिमेलोला सीटवरून कशाला उठवलंत?"

"पेटीला मान दिला नाय तर लोकांना पटंल कसं?"

रुपं लागली, होम पेटला, सडेवाडीनं शिमग्याच्या फाका, म्हणजे आरोळ्या, घालून बोंब मारली आणि काळं भोक उजळून निघालं. महिपतनं आईकडे पाहिलं. ती ताठ उभी होती. शिमगा मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानाजवळ भागोजी रिकामी पेटी घेऊन आला. ती चांदीकाराची होती, परत करायची होती. डिमेलो रात्रभर विमानात झोपला होता आणि विचार करून त्याचं डोकं साफ झालं होतं.

"आण ती पेटी," तो म्हणाला. "काल तू बोलला, देवी जड झाली. आता बघ." त्यानं पेटी उजव्या सीटवर ठेवली आणि महिपतला दांडा ओढायला सांगितलं. दांडा अर्ध्यावर आला आणि समोरचा दांडा पेटीवर ठक्‌कन आपटून थांबला. "बघितलं? लाकूड अडलं! तू पेटी उचलली, दांडा मोकळा झाला, विमान उडालं. देवी नाय नि बिवी नाय."

महिपत हसायला लागला. छातीवरून केवढं ओझं उतरलं. भागोजीसुद्धा कसनुसं हसला. डिमेलो अंडं सोलत विजयानं बघत होता.

मग महिपतचं हसू हळूहळू थांबलं.

"डिमेलो, उतरताना पेटी कुठं होती?"

"सीटवर. गाव येऊन घेऊन गेला तोपर्यंत."

"आणि तेव्हा दांडा माझ्या छातीला लागला होता. पार छातीला."

डिमेलोनं पेटीकडे पाहिलं. त्यानं स्वतः दांडा ओढला. अर्ध्यावर, ठक्‌. पुन्हा ओढला, दोन्ही हातांनी, पाय टेकवून. ठक्‌. भागोजीचा चेहरा राखेसारखा झाला. आयुष्यभर लोकांना देवीची भीती घालणारा तो माणूस. "पण देवी तर माझ्या पोटावर होती," तो पुटपुटला, पेटी खाली उतरवली, आणि मुंबईला कधीतरी एस्टीनं पोचती करतो म्हणत, ती काखोटीला मारून मागे न बघता चालू पडला.

नऊ वाजता सुकटीच्या गोणी भरून डाकोटा निघाली. महिपत डाव्या सीटवर बसला. डिमेलो उजव्या सीटपाशी आला, हात ठेवला, आणि काढून घेतला.

"बस ना."

"नको. मागे बरं आहे. गोणी मऊ आहेत."

"वास मारतायत."

"चालेल."

पट्टी संपली, महिपतनं दांडा ओढला आणि विमान अलगद वर गेलं. रिकाम्या उजव्या सीटसमोरचा दांडा जरा डावीकडे झुकला, जरा उजवीकडे. दोन्ही दांडे आतून जोडलेलेच असतात, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. तरी मुंबई येईपर्यंत दोघांपैकी एकानंही तिकडे पाहिलं नाही.